अनुत्तरित प्रश्नाचा सन्मान

प्रश्न विचारणारा मोठा कीं उत्तर देणारा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. नचिकेत्याचें नांव आपण घेतों तें त्यानें यमास विचारलेल्या प्रश्नामुळें. व्यवहारांत मात्र आपला सारा आदर उत्तर देणाऱ्याच्या वांट्यास येतो. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गांवीं हुशार मूल कोणतें, हें गुणपत्रिकेवरून ठरतें. दहावीची परीक्षा आटोपली कीं, ऐपत असलेलीं घरें मुलांस नांदेडच्या किंवा लातूरच्या शिकवणीवर्गांस धाडतात, आणि ऐपत नसलेलीं कित्येक घरें कर्ज काढून तेंच करतात. 'लातूर पॅटर्न' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचें सार आमच्या मतें एकच: परीक्षेंत येऊं शकेल तो प्रत्येक प्रश्न आधींच सोडवून ठेवावा. यास हंसण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ मिळण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. अशा प्रदेशांतील आईबापांनीं गुणांची शिडी घट्ट धरावी, यांत नवल नाहीं. विचार करावयाचा तो एवढाच कीं, ही शिडी नेते कोठें?

या बाबतींत प्रा. सुभाष खोत यांचें चरित्र आम्हांस फार बोधक वाटतें. त्यांचा जन्म १९७८ चा, कोल्हापूर जिल्ह्यांतील इचलकरंजी या यंत्रमागांच्या गांवचा. गुणांची शिडी म्हणाल तर ते तिच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढले. १९९४ व १९९५ या दोन्ही सालीं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्यें त्यांनीं रौप्यपदक मिळविलें, आणि १९९५ सालीं आय. आय. टी. च्या प्रवेशपरीक्षेंत ते देशांत पहिले आले. मुंबईच्या आय. आय. टी. मधून ते अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत गेले. आज ते न्यूयॉर्क विद्यापीठांत संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. २०१४ सालीं सोल येथील जागतिक गणित परिषदेंत त्यांस नेव्हानलिना पारितोषिक मिळालें. चाळिशीच्या आंतील संशोधकास चार वर्षांतून एकदां मिळणारा हा मान. पुढें त्याचें नांव ॲबॅकस पदक असें झालें. पण परीक्षांत सर्व उत्तरें देणाऱ्या या विद्वानाची कीर्ति मुख्यतः ज्यावर उभी आहे, तो एक प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर त्यांसही अद्याप ठाऊक नाहीं.

तो प्रश्न त्यांनीं २००२ सालीं, विद्यार्थिदशेंतच मांडला. बिलोली, कुंडलवाडी, सगरोळी, देगलूर अशीं पुष्कळ गांवें घ्या, आणि प्रत्येकास अनेक रंगांपैकीं एक द्यावयाचा आहे असें समजा. दोन गांवांस जोडणाऱ्या प्रत्येक रस्त्याचा असा कांहीं नियम आहे कीं, एका गांवाचा रंग ठरला म्हणजे दुसऱ्याचाही ठरावा. सर्व नियम एकाच वेळीं पाळतां येतात काय, हें पाहणें सोपें. एका गांवास रंग दिला कीं बाकीचे आपोआप ठरत जातात. पण सर्व नियम पाळतां येत नसतील तेव्हां काय? शेंकडा नव्याण्णव नियम पाळतां येतील, कीं शेंकडा एकाहून अधिक पाळणें अशक्यच, एवढाच भेद ओळखावयाचा, तरी गांवें व रंग पुष्कळ असतां तें काम संगणकशास्त्र ज्यांस आटोक्याबाहेरचे मानतें त्या प्रश्नांइतकेंच कठीण आहे, असा खोत यांचा तर्क आहे.

येथें कोणी विचारील, सिद्ध न झालेल्या तर्काचा एवढा गौरव कशासाठीं? तर्क तर कुडमुड्या जोशीही करतो! भेद असा कीं, जोशाचें भाकित खोटें ठरूं नये अशा बेतानें केलेलें असतें. शास्त्रज्ञाचा तर्क खोटा ठरूं शकेल इतक्या नेमक्या शब्दांत मांडलेला असतो. शिवाय जोशाच्या भाकितांतून पुढें कांहीं निघत नाहीं. त्याच गांवांचे दोन गट असे पाडावे कीं, जास्तीत जास्त रस्ते एका गटांतून दुसऱ्यांत जावेत, हा एक वेगळा जुना प्रश्न आहे. सर्वोत्तम विभागणीच्या निदान ८७.८ टक्के यश हमखास देणारी रीति गोमन्स व विल्यमसन यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केली. खोत यांचा तर्क खरा असेल, तर याहून चांगली हमी देणारी व्यवहार्य रीति सांपडणेंच नाहीं, असें पुढें दिसून आलें.

आणि या प्रश्नास मान कसा मिळाला तें पाहा. संजीव अरोरा हे प्रिन्स्टनला खोत यांचे मार्गदर्शक. त्याच अरोरांनीं २०१० सालीं दोघां सहकाऱ्यांसह हा प्रश्न अपेक्षेपेक्षां बऱ्याच कमी वेळांत सोडविणारी रीति दाखविली. तर्क त्यानें पडला नाहीं, पण शंकेस आधार मिळाला. आपल्याकडे यास गुरुशिष्यांची तेढ म्हटलें असतें. शास्त्रांत तो शिष्याच्या प्रश्नाचा मोठा मान होय. २०१८ सालीं खोत, डोर मिंझर व मुली साफ्रा यांनीं या तर्काच्या एका सौम्य रूपाची सिद्धता पुरी केली, आणि पारडें पुन्हा दुसरीकडे झुकलें. मूळ प्रश्न तसाच आहे.

यावरून उत्तरें शिकूंच नयेत असा उपदेश काढणें सोपें, पण तें खरें नव्हे. माहीत असलेलें सारें ज्यानें पचविलें, त्यासच माहीत नसलेल्याची सीमा दिसली. तथापि परीक्षेंतील प्रत्येक प्रश्नाचें उत्तर कोणास तरी आधींच ठाऊक असतें. ज्ञान जेथें वाढतें तेथें तें कोणासच ठाऊक नसतें. ही दुसरी जागाही आहे, हें शिडी चढणाऱ्या मुलास कोणी सांगत नाहीं. शिडीच्या टोंकाशीं जागा थोड्या असतात. बाकीच्या मुलांस निकालाच्या दिवशीं आपण निकामी ठरलों असें वाटूं लागतें, आणि घरचीं माणसेंही न बोलतां त्यास दुजोरा देतात. बुद्धीचें मोल केवळ ठरलेल्या उत्तरांवर लावण्याची ही किंमत आहे, आणि ती मुलें भरतात. बिलोलीच्या शाळेंत एखाद्या गुरुजींनीं आठवड्यांतून एक तास फळ्यावर असा प्रश्न लिहावा, आणि याचें उत्तर मलाच काय, अद्याप कोणासच ठाऊक नाहीं, असें मोकळेपणानें सांगावें. त्या तासानें कोणाचा एक गुणही वाढणार नाहीं. पण त्या तासाला पहिला नंबर कोणाचा, हें विचारण्याचें कारणही कोणास उरणार नाहीं.