हात बसेपर्यंत

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने सातपाटीच्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. मासेमारीची बंदी म्हणजे विश्रांती, असे शहरातल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात जाळी दुरुस्त करणे, इंजिन उघडणे, लाकडाची डागडुजी यांत दिवस जातात. तरी संध्याकाळ मोकळी मिळते. अशाच एका जूनमध्ये गावचा एक चाळिशीतला तांडेल आमच्याकडे आला. मिस्सेला कीबोर्ड वाजवणारी मुलगी शिक्षणासाठी मुंबईला गेली होती आणि ईस्टरपासून ते वाद्य कापडाखाली झाकलेले होते. बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी झाल्यावर त्याने विचारले, "फादर, बंदीचे दोन महिने आहेत. तेवढ्यात पियानो येईल का मला?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही, याचे कारण जुने आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एका तरुणाने आम्हांला हाच प्रश्न विचारला होता. नाताळ जवळ आला होता, गायकवृंदाला साथीदार हवा होता. "सहा महिन्यांत सहज येईल," असे आम्ही बिनदिक्कत सांगून टाकले. त्याने विश्वास ठेवला. सहा महिन्यांनी त्याची बोटे अडखळतच होती. ती त्या वेळी अडखळायचीच, हे आम्हांला ठाऊक होते आणि त्याला नव्हते. दोष आपल्याच बुद्धीचा आहे असे समजून त्याने वाद्य सोडले आणि पुढे गायकवृंदही सोडला. आम्ही त्याला उत्तेजन दिले असे आम्हांला वाटले होते. खरे म्हणजे आम्ही त्याच्याशी खोटे बोललो होतो आणि त्या खोट्याची किंमत त्याने मोजली.

'किती दिवस लागतील' हा प्रश्न म्हणूनच आम्हांला केवळ संगीताचा वाटत नाही. उत्तर देणारा शिकणाऱ्याच्या आयुष्यातील काही काळ मागून घेत असतो. 'तीस दिवसांत पियानो' अशा जाहिराती करणारे लोक पैसे घेतात ही लहान बाब आहे. एकतिसाव्या दिवशी ते माणसाचा स्वतःवरचा विश्वास नेतात, आणि तिला आम्ही चोरीच म्हणू.

दुसऱ्या टोकाचे उत्तरही निर्दोष नाही. १९९३ साली अँडर्स एरिक्सन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या सरावाचा हिशेब मांडला. सर्वोत्तम गणल्या गेलेल्यांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे १०,००० तास सराव केला होता. त्याच अभ्यासातील हौशी पियानोवादकांचा आकडा सुमारे २,००० होता. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे १०,००० तासांचा जणू नियमच झाला. एरिक्सन यांना तो मान्य नव्हता. ती एक सरासरी होती, आणि सराव कसा केला याला त्यांच्या लेखी अधिक महत्त्व होते. रोज एक तास धरला तर २,००० तासांना साडेपाच वर्षे लागतात, १०,००० तासांना सत्तावीस. चाळिशीच्या तांडेलाला हे गणित ऐकवणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे होय. रविवारी चार स्तोत्रांची साथ करू इच्छिणाऱ्याला बर्लिनच्या अकादमीचा माप लावण्याचे प्रयोजनच काय?

परीक्षांच्या पायऱ्या थोड्या अधिक माणुसकीच्या आहेत. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठ श्रेणी आहेत आणि बरीच मुले साधारण वर्षाला एक चढतात. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालयाची वाट प्रारंभिकपासून विशारदपर्यंत सात परीक्षांची आहे. दोन्हीकडे हिशेब सात-आठ वर्षांवरच येतो, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही.

मराठी भाषेने या बाबतीत मोठा शहाणपणा दाखवला आहे. आपण 'मी पेटी शिकलो' असे म्हणतो, तसेच 'मला पेटी येते' असेही म्हणतो. शिकणे आपल्या हाती असते. येणे त्या कलेच्या मर्जीवर. आणि या दोहोंच्या मध्ये 'हात बसणे' आहे. हात बसला की बोटे विचारून चालत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये हाच प्रश्न सद्गुणांविषयी विचारला आहे: एकाच कृतीने माणसाला सवय जडते काय? जडत नाही, असे ते म्हणतात. अग्नीसुद्धा सरपणाला एकदम कवेत घेत नाही, त्याचा विरोध हळूहळू घालवतो. पावसाळ्यात ओल्या लाकडांची चूल पेटवलेल्या आपल्या घरांतील माउलींना याची फोड करून सांगावी लागणार नाही. मात्र याच ग्रंथात थोडे पुढे ते आणखी एक कठोर गोष्ट सांगतात: कृती थांबली की सवय क्षीण होते, नाहीशीही होते. तांडेलाची खरी अडचण इथे होती. जून-जुलैत जे येईल, ते ऑगस्टनंतर समुद्रावर राहील काय?

आम्ही त्यालाच उलट विचारले, "बोटीवर नवा पोरगा घेतलास की किती दिवसांत तो तांडेल होतो?"

तो हसला. "त्याचं सांगता येत नाही, फादर. पहिलं वर्ष तर भात शिजवण्यात आणि उलट्या करण्यातच जातं. पाणी कळायला लागलं की मग कळतं."

"आणि त्या पहिल्या वर्षी तो बोटीच्या काही उपयोगाचा नसतो?"

"असं कसं? भात कोण शिजवणार मग?"

आमचे उत्तर त्यानेच सोपे केले. आम्ही त्याला स्पष्ट सांगितले की, रोज एक तास बसलास तर दोन महिन्यांत उजव्या हाताने चार स्तोत्रांचे सूर आणि डाव्या हाताने तीन-चार साधे सूरमेळ येतील. स्वरलिपी वाचून नवे स्तोत्र वाजवायला दोन-तीन वर्षे लागतील. बोट बाहेर असेल तेव्हा काही निसटेल, परत आल्यावर ते पुन्हा गोळा करावे लागेल. आणि खरा पियानो कदाचित कधीच येणार नाही, कारण तो आपल्याकडे नाही. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी तारांना गंज चढतो आणि हातोड्यांचे नमदे ओल धरतात. आपले वाद्य विजेवर चालणारे, पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी ६१ पट्ट्यांचे. (मंदिरातून पियानो वर्ज्य करणारे आज्ञापत्र १९०३ साली पोप दहावे पायस यांनी काढले होते. गोरेगावच्या ज्या सेमिनरीत आम्ही पेटीशी झटापट केली, ती त्यांच्याच नावाची. पुढे १९६३ मध्ये व्हॅटिकन विश्वपरिषदेने ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांनाही दार उघडले.)

त्याचा चेहरा थोडा उतरला, हे आम्ही पाहिले. जुना मोह पुन्हा झाला. 'अरे, तुला लवकर येईल' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. आम्ही ते गिळले. तो काही न बोलता उठला. आता हा येत नाही, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला तो आला, बोटांना रंगाचे डाग तसेच घेऊन. जाळ्याच्या गाठी डोळे मिटून मारणारी ती बोटे पट्ट्यांवर लाकडासारखी ताठ होत. जुलैअखेर तीन स्तोत्रे झाली, चौथे राहिले. नारळी पौर्णिमेनंतर बोट समुद्रावर जाऊ लागली. ज्या रविवारी तो बंदरात असतो, त्या रविवारी मिस्सेआधी अर्धा तास येऊन तो तीच तीन स्तोत्रे घोळवतो. अर्पणाच्या वेळी डावा हात अजून मागे राहतो, आणि गायकवृंद त्याच्यासाठी किंचित थांबतो.