श्रोत्याची आशंका

व्याख्यान संपतं, टाळ्या होतात आणि सूत्रसंचालक घड्याळाकडे बघत सांगतो, ‘वेळेअभावी एकच प्रश्न घेऊ.’ मागच्या रांगेतला हात वरच राहतो, माइक पुढच्या रांगेत जातो आणि लगेच आभारप्रदर्शन सुरू होतं. महाविद्यालयांनी गजबजलेल्या खारघरमध्ये हे दृश्य सवयीचं आहे. पाहुणे कधी निवृत्त सनदी अधिकारी असतात, कधी अर्थतज्ज्ञ, कधी संपादक. विषय पाण्याचा असतो, शहर नियोजनाचा किंवा अर्थसंकल्पाचा. सार्वजनिक धोरणावरच्या अशा व्याख्यानमाला हव्यातच. पण त्यांच्या निमित्ताने एक जुना, मुळात धर्मविचारातला प्रश्न उभा राहतो: श्रोत्याचं काम ऐकून घेण्यापाशी संपतं का?

महाराष्ट्रात ऐकणं हे पुण्यकर्म आहे. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. कीर्तन, प्रवचन, पारायण या सगळ्यांचा पाया तोच. रायगड जिल्ह्यात तर ही परंपरा घरोघरी पोचलेली आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३मध्ये दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका सुरू केल्या, आणि त्या बैठकांत बसून अनेकांची व्यसनं सुटली, घरं सावरली. श्रवणाने माणूस बदलतो, याची साक्ष देणारी कुटुंबं पनवेल-अलिबाग पट्ट्यात आजही भेटतात.

याच श्रवणनिष्ठेने १६ एप्रिल २०२३ रोजी या बैठकांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, खारघरच्या मैदानात जमले. नानासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला जात होता. भर उन्हात, उघड्यावर माणसं तासन्‌तास बसून राहिली. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर भर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत खुल्या मैदानात कार्यक्रम न घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. त्या दिवशी आलेल्यांची निष्ठा निखळ होती. समोरचा माणूस एवढ्या विश्वासाने ऐकायला येतो, तेव्हा त्याला बोलावणाऱ्याची जबाबदारी कितीतरी वाढते. सावली आणि पाणी हे श्रोत्याच्या देहाचं देणं आहे. त्याच्या बुद्धीचंही एक देणं असतं: प्रश्न विचारण्याची मोकळीक.

हे देणं परंपरेनेच मान्य केलेलं आहे. ज्या दासबोधाचं निरूपण बैठकांत होतं, त्याचा पहिला समासच श्रोत्यांच्या प्रश्नाने उघडतो. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे, तो ऐकून काय मिळतं, असं श्रोते आधी विचारतात आणि मग समर्थ रामदास बोलू लागतात. पुढेही ठिकठिकाणी श्रोता आशंका घेतो, समर्थ थांबतात आणि तिचं निरसन करतात. तिथे आशंका घेणाऱ्याला कुणी उद्धट म्हणत नाही. विषय पुढे सरकतो तो तिच्यामुळेच.

त्याहून जुनी साक्ष बृहदारण्यक उपनिषदाची. याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाची वाट सांगतो तेव्हा श्रवणापाशी थांबत नाही. त्यापुढे मनन आणि निदिध्यासन येतं. आणि जनकाच्या सभेत तर गार्गी उभी राहते. सर्वश्रेष्ठ ज्ञान्यासाठी ठेवलेल्या हजार गाई आधीच आपल्या म्हणून हाकायला लावलेल्या याज्ञवल्क्याला ती प्रश्नामागून प्रश्न विचारते. ‘यापुढे विचारलंस तर मस्तक गळून पडेल,’ असं तो बजावतो. गार्गी गप्प बसते, पण सभा सोडून जात नाही. थोड्या वेळाने सभेची परवानगी घेऊन ती पुन्हा उठते, आणखी दोन प्रश्न विचारते आणि उत्तरं पटल्यावर स्वतःच सभेला सांगते की याला कुणी जिंकू शकणार नाही. याज्ञवल्क्याच्या विद्वत्तेवर मोहोर उमटते ती प्रश्न विचारणाऱ्या गार्गीच्याच तोंडून.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. धोरण हा जाणकारांचा विषय; वित्तीय तूट किंवा चटईक्षेत्र निर्देशांक न समजणाऱ्याच्या प्रश्नाने वेळ जातो, पाहुण्याचा अवमानही होतो, असं म्हणतात. पण याचा अर्थ श्रोत्याने जाणकाराला शरण जावं, असाच होतो. अध्यात्मात गुरूला शरण जाण्याला काही अर्थ असेलही. राज्यकारभारात मात्र तीच वृत्ती घातक ठरते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच फरक केला होता: धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेईल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

आंबेडकरांना व्याख्यानाचं व्यासपीठ दोन्ही अंगांनी ठाऊक होतं. १९३६मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषणाचा मजकूर पाहून परिषदच रद्द केली. ते भाषण त्यांना स्वतः छापावं लागलं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने २९ जानेवारी १९३९ रोजी त्यांना काळे स्मृती व्याख्यानासाठी बोलावलं, तेव्हा १९३५च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्य योजनेची त्यांनी भर सभेत चिरफाड केली. एका यजमानाला मतभेद पेलला नाही, दुसऱ्याने त्याला व्यासपीठ दिलं.

आणखी एक प्रश्न उरतो: सभागृहात बसतं कोण? १८८५मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी महात्मा फुल्यांना ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं. फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. ज्या मंडळींच्या लिखाणात शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ज्यांच्याविषयी बोलायचं तीच माणसं बाहेर राहिली, तर बोलणं कितीही विद्वत्तापूर्ण असलं तरी अपुरं राहतं.

खारघरला हा मुद्दा सगळ्यात जवळून लागू होतो. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. खारघर, कोपरा, बेलपाडा, ओवे ही गावं आज सेक्टरांच्या मधोमध आहेत. वाजवी मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व रुजलं. भूसंपादनाचं धोरण ज्यांनी पुस्तकातून नव्हे, तर सातबाऱ्यावरचं नाव जाताना शिकलं, अशी माणसं महाविद्यालयाच्या फाटकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर राहतात. नागरीकरणावरच्या व्याख्यानाला त्यांनाही रीतसर निमंत्रण हवं, आणि तेही पहिल्या रांगेचं.

श्रोत्यांच्या प्रश्नांना जागा देण्यासाठी फार खर्च येत नाही. तासाभराच्या व्याख्यानात वक्त्याने ३५ मिनिटं बोलावं, उरलेली २५ प्रश्नांना द्यावीत. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घ्यावा. इंग्रजीत बोलायला संकोचणाऱ्यांसाठी मराठीत चिठ्ठ्या घ्याव्यात आणि त्या न गाळता वाचाव्यात. पाहुण्यांना निमंत्रण देतानाच हे कळवावं, म्हणजे ते त्या तयारीने येतील. उत्तराविना राहिलेले प्रश्न लिहून ठेवून पुढच्या व्याख्यानाच्या प्रास्ताविकात त्यांची उत्तरं द्यावीत. शाल-श्रीफळाला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात यातली दोन-तीन उत्तरं सहज देऊन होतात.