पानावरील स्थान आणि अर्थाचा अधिकार

अहवाल, करारपत्र, ताळेबंद अशा व्यावसायिक कागदपत्रांत एकाच पानावर दोन किंवा तीन स्तंभ मांडण्याची रीत वरवर पाहता मुद्रकाच्या सोयीची वाटते. कारण ओळ आखूड झाली की ती संपल्यावर पुढची ओळ डोळ्यांना चटकन सापडते. तथापि या मांडणीच्या मुळाशी एक दार्शनिक प्रश्न आहे: जे शब्दाने सांगितलेले नाही, ते केवळ जागेने सांगण्याचा अधिकार पानाला कितपत आहे?

न्यायदर्शनाने मन अणुरूप मानले असून एका क्षणी एकच ज्ञान उत्पन्न होते, असा त्याचा सिद्धान्त आहे. अनेक वस्तूंना एकत्र कवेत घेणारे ‘समूहालंबन’ ज्ञान त्याला मान्य आहे, म्हणून दोन स्तंभांचे पान आकृती या नात्याने एका दृष्टिक्षेपात दिसू शकते. पण दोन स्तंभांतील वाक्यांचा अर्थ एकदम कळत नाही, तो क्रमानेच कळतो, आणि तो क्रम बहुतांशी मांडणी करणारा ठरवून देतो.

या ठिकाणी पूर्वमीमांसेचा विचार अधिक उपयोगी पडतो. यज्ञातील कोणते अंग कोणत्या प्रधान कर्माचे, हे ठरवण्यासाठी मीमांसकांनी श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे सांगितली. श्रुती म्हणजे संबंध थेट सांगणारा शब्द, तर स्थान म्हणजे क्रमाने किंवा सान्निध्याने सूचित होणारा संबंध. आणि दोहोंत विरोध आला तर आधीचे प्रमाण बलवान व नंतरचे दुर्बल, असा नियम त्यांनी घालून दिला. स्थान हे प्रमाण आहे, परंतु उतरंडीत ते पाचवे आहे; पानाच्या रचनेविषयी याहून नेमके काही क्वचितच कोणी सांगितले असेल.

या दुर्बल प्रमाणावर विसंबल्यास काय होते, हे एका ताळेबंदावरून पाहू. सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे विणकामाची जुनी परंपरा असलेले गाव आहे. अशा गावातील एखाद्या विणकर सहकारी संस्थेचा ताळेबंद वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदाच्या हाती येतो, तेव्हा प्रचलित पद्धतीप्रमाणे डाव्या बाजूस भांडवल व देणी आणि उजव्या बाजूस मालमत्ता व येणी असतात. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात. पण समोरासमोरच्या ओळींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. राखीव निधीच्या समोर बँकेतील शिल्लक छापली गेली, तर तो निधी बँकेत सुरक्षित पडून आहे असा समज सभासदाने करून घेणे अगदी स्वाभाविक आहे, वस्तुतः ती रक्कम सुतात, मागांत किंवा वसूल न झालेल्या उधारीत गुंतलेली असू शकते. येथे एकही आकडा खोटा नसतो, तरीही पानाने असत्य सुचवलेले असते; आणि त्याचा भार ज्याला हिशेबाची भाषा अवगत नाही, त्याच्यावरच पडतो.

स्तंभांनी असेच फसवावे, असा मात्र नियम नाही. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई आणि तेथे समोरासमोर असण्याचा अर्थ खरोखरच होता. त्याआधीच्या हस्तलिखितांत ‘त्रिपाठ’ नावाची मांडणी आढळते, तिच्यात मूळ मजकूर मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि टीका वर व खाली बारीक अक्षरांत असे. कोणते प्रधान आणि कोणते त्याचे अंग, हे अक्षराचा आकार व जागा मिळून प्रामाणिकपणे सांगत.

म्हणून ताळेबंदात राखीव निधीच्या नोंदीखालीच तो कोठे गुंतवला आहे हे शब्दांत लिहिणे, आणि लेखापरीक्षकाचा आक्षेप कडेच्या अरुंद स्तंभात न दडपता ज्या रकमेविषयी तो आहे तिच्या लगत, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापणे, ही सजावट नसून सभासदाचे देणे आहे. देवनागरीत मात्रा शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली जात असल्याने अशा नोंदीला दोन ओळींत अंतरही अधिक लागते. त्यापायी अहवालाचे एखादे पान वाढले, तरी तो खर्च संस्थेने करावा.