नांदणें आणि एकत्र राहणें

एका स्नेह्याच्या शेतजमिनीच्या कामानिमित्त जळगांवच्या न्यायालयाच्या ओसरीवर मला दोन-तीन वेळां तिष्ठत बसावें लागलें. शेजारच्या बाकावर एक तरुण बाई, तिचा बाप आणि त्यांचे वकील बसले होते. वकीलसाहेब अहिराणी बोलत होते, पण त्या अहिराणींतलीं महत्त्वाचीं नामें सारीं इंग्रजी होतीं: ‘मेंटेनन्स’, ‘डिझर्शन’, ‘क्रुएल्टी’, ‘म्युच्युअल’. बाप प्रत्येक शब्दाला मान डोलावीत होता. बाई मध्येंच म्हणाली, “मी नांदाले तयार शे, पन तो बोलस नही.” वकिलांनीं तें इंग्रजींत टिपून घेतलें. ‘नांदाले’च्या जागीं कागदावर ‘कोहॅबिट’ हा शब्द आला.

त्या दिवशीं घरीं येईपर्यंत हा एक शब्द माझ्या डोक्यांतून गेला नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें वकिलांची कांहींच चूक नव्हती. परंतु आपल्या भाषेंत लक्ष्मी नांदते, गोकुळ नांदतें, राज्यहि नांदतें. मुलगी नांदते ती केवळ नवऱ्याशीं नव्हे; ती एका घरांत नांदते, आणि त्या घरांत सासू, दीर, गोठ्यांतलें जनावर, शेजारणीशीं असलेलें देणेंघेणें, सारेंच आलें. ‘कोहॅबिट’मध्यें दोन माणसें आणि वर एक छप्पर, एवढाच संसार उरतो. त्या बाईची तक्रार अबोल्याची होती. अबोला हा ‘धरतात’ आणि ‘सोडतात’. म्हणजे तो सुटेल ही आशा त्या शब्दांतच असते. इंग्रजी कागदांत ती आशा लिहावयाला जागा नव्हती.

एवढ्यावर स्वभाषेचा जयजयकार करून मोकळें होणें सोपें आहे, आणि आमच्यांतले पुष्कळ विद्वान् तसें करतातहि. पण ‘नांदणें’ या क्रियापदाचें प्रयोजकहि मराठींत आहे, हें ते सोयिस्करपणें विसरतात. नवरा बायकोला ‘नांदवतो’ किंवा नांदवीत नाहीं. नवऱ्याला नांदवणारी बायको मीं अजून ऐकलेली नाहीं. तसाच ‘सासुरवास’ हा शब्द पाहा. त्यांत कर्ता कोठेंच नाहीं. ऊन, पाऊस, थंडी, तसा सासुरवास. तो करणारा कोणी नाहीं, भोगणारी मात्र आहे. अशा दुःखाची फिर्याद कोणाविरुद्ध करावयाची? ‘क्रुएल्टी’ हा परका शब्द आला आणि त्यानें प्रथमच विचारलें कीं, हें केलें कोणी? हें ऋण नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल.

शिवाय ‘आपले’ म्हणून जे शब्द आपण मिरवतों, त्यांची कुळकथा तरी कोठें तशी शुद्ध आहे? ‘फारकत’ ही ‘फारखत’ होय. हिशेब चुकता झाल्याचा तो लेख. फारसी दफ्तरांतून आला आणि संसारालाहि लागू झाला. ‘घटस्फोट’ तर दिसावयाला अस्सल संस्कृत. पण धर्मशास्त्रांत तें पतिताला जिवंतपणींच मेलेला ठरवून वाळींत टाकण्याच्या विधीचें नांव आहे. मनुस्मृतीच्या ११ व्या अध्यायांत, दासीनें पाण्यानें भरलेला घट पायानें लवंडावा, जसा मृतासाठीं, अशी आज्ञा आहे. ज्या जातींत पाट आणि मोहतूर चालत, त्या खानदेशांतल्या कष्टकऱ्यांपाशीं ‘काडीमोड’ हा साधा शब्द होता. पंचांसमक्ष काडी मोडली कीं संबंध तुटला. (तोहि रामराज्याचा कारभार नव्हता, काडी बहुधा नवऱ्याच्याच हातांत असे.) ज्या वर्णांत विवाह मोडण्याची सोयच नव्हती, त्यांना १९४७ सालीं मुंबई प्रांताच्या हिंदु घटस्फोट कायद्यानें ती मिळाली. शब्द मात्र बहिष्काराचा रूढ झाला, आणि माझी तर अशी समजूत आहे कीं, त्याची काळी छाया अजूनहि त्या स्त्रियांच्या वाट्याला येते.

उलट, परका शब्द म्हणजे मुक्तता, असेंहि नाहीं. रखमाबाईंचा खटला हें त्याचें ठळक उदाहरण. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीनें सासरीं जाण्याचें नाकारलें, तेव्हां दादाजी भिकाजींनीं १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’चा दावा लावला. हा दावा मुळांत विलायतेंतल्या धर्मपीठांच्या न्यायालयांतला. हिंदु धर्मशास्त्रांत त्याला आधार नाहीं, असें म्हणून न्यायमूर्ती पिन्ही यांनीं १८८५ मध्यें तो फेटाळला. अपिलांत तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ती फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहींतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. मौज अशी कीं, या दाव्यांतली कैदेची शिक्षा इंग्लंडनें स्वतःसाठीं १८८४ मध्येंच रद्द केली होती! आणि धर्मरक्षणासाठीं रखमाबाईंवर तुटून पडलेल्या आमच्या लोकांनीं ज्या शस्त्राचा कैवार घेतला, तें विलायती होतें. १८८८ मध्यें तडजोड होऊन प्रकरण मिटलें. इंग्लंडनें तो सबंध दावाच १९७० मध्यें मोडीत काढला. आमच्या १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत तो कलम ९ म्हणून अद्याप नांदत आहे.

माझ्या नात्यांतली एक मुलगी धुळ्याला माहेरीं परत आली. तिचे वडील तीन वर्षें सर्वांना सांगत, “ती सध्यां सेपरेट राहते.” त्या शब्दाआड ते स्वतःला लपवीत होते, मुलीला नव्हे. तिची आजी स्पष्ट बोलणारी. एकदां आल्यागेल्यांसमोर ती म्हणाली, “टाकलेली आहे पोर.” मुलगी स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि शांतपणें म्हणाली, “आजी, मला कोणी टाकलेलें नाहीं. मीं सोडलें.” ‘सोडणें’ हें क्रियापद आजीच्याच भाषेंतलें. त्याचा कर्ता बाई असूं शकते, हें आजीला ठाऊक नव्हतें. आणि वडिलांना, इतकें इंग्रजी येत असूनहि, सुचलें नव्हतें. आजी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, “मग त्याच्याकडलीं भांडीं आणलींस का?”

न्यायालयांतल्या त्या बाईचें पुढें काय झालें, मला ठाऊक नाहीं. तयार झालेला कागद वकिलांनीं तिला वाचून दाखविला, तेव्हां ती एका शब्दाशीं अडली. त्याचा अर्थ काय, म्हणून तिनें विचारलें. “एकत्र राहणें,” वकील म्हणाले. “राहणें निराळें आणि नांदणें निराळें,” असें ती बापाकडे पाहून पुटपुटली. बापानें तिच्या हातांत पेन दिलें. तिनें सही केली. अक्षर चांगलें वळणदार होतें.