छंदाचे विसर्जन

छंद कसा लागतो, यावर आपल्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले आहे. तो सोडावा कसा, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. बहुतेक छंदांच्या बाबतीत तशी गरजही पडत नाही. टपाल तिकिटांचा संग्रह कपाटात पडून राहतो, सतारीवर गवसणी चढते, कुंचले वाळून जातात. यात थोडी हळहळ असते, पण अपराध नसतो, कारण त्या वस्तूंना आपल्या विस्मरणाचे दुःख होत नाही. छंदाचा विषय सजीव असेल तेव्हा मात्र प्रश्न निराळा होतो. येथे आम्ही ज्या छंदाचा विचार करणार आहोत तो आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना काहीसा नवखा वाटेल. परंतु नातवंडांच्या खोलीत त्यांनी तो कदाचित पाहिलाही असेल. खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी, तीत जिवंत प्रवाळ, समुद्रफुले, कोळंब्या आणि रंगीत मासे, असा तो घरगुती समुद्र.

समुद्र हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या नगरांत हा समुद्र अक्षरशः तयार करावा लागतो. शुद्ध केलेल्या पाण्यात पाकिटातले खास मीठ विरघळवून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार राखावे लागतात. तापमान २५-२६ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे लागते. ठरावीक तास प्रकाश, अखंड चालणारे पंप आणि प्रवाळाच्या वाढीसाठी कॅल्शियम, हे सारे पुरवावे लागते. टाकीतल्या सच्छिद्र खडकांत असंख्य जिवाणू वस्तीला असतात. माशांच्या उत्सर्जनातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते प्रथम नायट्राइटमध्ये आणि पुढे बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वीज काही तास गेली, तर पाण्यातला प्राणवायू घटू लागतो आणि ही सारी सृष्टी संकटात येते. यातली मुख्य गोष्ट अशी की, या जिवांचे परावलंबन निसर्गाने दिलेले नाही. ते आपण, आपल्या आनंदासाठी, निर्माण केलेले आहे.

आता समजा, छंद सोडायचा आहे. बदली होते, प्रकृती साथ देत नाही, विजेचे देयक जड वाटू लागते, किंवा नुसतेच मन उडते. यांपैकी कोणतेही कारण निंद्य नाही. मनुष्याने एकदा धरलेली आवड मरेपर्यंत धरून ठेवावी, असा नियम कोणत्याही नीतिशास्त्राने घातलेला नाही. पण आवड संपली म्हणजे कर्तव्यही संपते काय?

एक उत्तर व्यवहारी आहे. मासा पैसे देऊन घेतला, तो आमच्या मालकीचा, त्याचे काय करायचे ते आम्ही ठरवू. या उत्तरात मालकी आणि पालकत्व यांची गल्लत आहे. वचनाचा एक जुना नियम असा की, त्यातून मुक्त करण्याचा अधिकार ज्याला वचन दिले त्याचा असतो, देणाऱ्याचा नव्हे. माशाला आपण शब्दांनी वचन दिलेले नसते, हे खरे. परंतु जेथे आपल्या हाताशिवाय तो जगूच शकत नाही अशा जागी त्याला आणून ठेवणे ही कृती शब्दाहून कमी बंधनकारक नाही. आणि तो मुका जीव आपल्याला कधीच मोकळे करणार नाही.

मग पालक जन्माचा बांधला गेला काय? तसेही नाही. 'मीच सांभाळीन' आणि 'सांभाळ खंडित होऊ देणार नाही' ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत. पहिले प्रेमाचे आहे, दुसरे न्यायाचे. प्रेम आटले तर कोणी दोष देऊ नये. न्यायात मात्र कसूर चालत नाही. तेव्हा पालकत्व दुसऱ्याकडे सोपवता येते, वाऱ्यावर टाकता येत नाही.

याचे एक सुंदर उदाहरण एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये सापडते. १८२८ साली सर जॉन डॅलिएल या निसर्गाभ्यासकाने नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणले आणि ते काचेच्या भांड्यात जोपासले. १८५१ साली डॅलिएल वारले. समुद्रफूल जिवंतच होते. ते प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेले, त्यांच्यानंतर डॉक्टर मॅकबेन यांच्याकडे, आणि पुढे एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात. लोक त्याला कौतुकाने 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणत. १८८७ साली ते मेले, तेव्हा त्याला समुद्राबाहेर येऊन ५९ वर्षे झाली होती. त्याने आपल्या पालकांना एकामागून एक मागे टाकले, पण त्याचे पाणी बदलणारा हात कधी नाहीसा झाला नाही. डॅलिएल यांचे शास्त्रीय लेखन आज थोडेच वाचत असतील. ही आजी मात्र अजून आठवली जाते.

आता आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेल्या एका सवयीविषयी लिहिणे भाग आहे. नको झालेली, पण टाकवत नाही अशी वस्तू आपण पाण्यात सोडतो. गणपतीचे विसर्जन, निर्माल्य, भंगलेली मूर्ती, अस्थी, या साऱ्यांची अखेरची वाट पाण्याकडे जाते. शिवाय बंदिस्त जिवाला मोकळे करणे हे पुण्य, हा संस्कार आहेच. त्यामुळे टाकी मोडताना 'मासे नदीत सोडून येऊ, जगतील बिचारे' हा विचार सहज सुचतो आणि तो करुणेचा विचार वाटतो. परंतु विसर्जनाचा विधी नीट पाहिला तर त्याचा अर्थ वेगळा आहे. उत्तरपूजेने देवत्वाला निरोप दिला जातो आणि उरते ती माती पाण्याला मिळते. माशातले चैतन्य मंत्राने निरोप घेत नाही. क्षिप्रेत किंवा विश्वामित्रीत सोडलेला सागरी मासा गोड्या पाण्यात फार वेळ तग धरू शकत नाही. त्याच्या शरीरात पाणी शिरत राहते, क्षार निघून जातात आणि तो मरतो. आपण घरी परततो ते मात्र पुण्याच्या समाधानात.

मग गोव्यातील वाचक विचारतील, आम्हाला तर समुद्र पावलावर आहे, आम्ही सोडला तर? तेथे धोका उलट दिशेने येतो. जीव मेला नाही, तर काय होते? हिंदी व पॅसिफिक महासागरांतला लायनफिश १९८५ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम नोंदला गेला. घरगुती टाक्यांतून सोडलेले मासे हेच त्याचे मूळ असावे, असे अभ्यासक मानतात. पुढील काही दशकांत तो कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या आखातात पसरला आणि तेथील लहान माशांचा फडशा पाडू लागला. कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचे मत्स्यालयांत वापरले जाणारे सागरी शैवाल १९८४ साली मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळले आणि तळावर हिरवा गालिचा अंथरत गेले. तेच २००० साली कॅलिफोर्नियातील एका खाजणात दिसले, तेव्हा त्यावर ताडपत्र्या घालून खाली क्लोरीन सोडावे लागले. त्याचे उच्चाटन झाल्याचे २००६ साली जाहीर झाले. दरम्यान लक्षावधी डॉलर खर्ची पडले. गोड्या पाण्यातही हेच घडते. दक्षिण अमेरिकेतून टाक्यांसाठी आलेले 'सकर' मासे आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत ठाण मांडून बसले आहेत. एका जिवावरची अशी दया हजारो जिवांवर उलटते, तेव्हा तिला करुणा म्हणणे कठीण जाते. मासा मूळचा याच समुद्रातला असला, तरी अनेक देशांच्या जिवांबरोबर राहून त्याने कोणते रोग सोबत घेतले आहेत हे आपल्याला दिसत नाही.

तर मग करावे काय? काम कष्टाचे आहे, पण अवघड नाही. पहिला नियम असा की, नवे घर आधी शोधावे आणि पाणी नंतर उपसावे. अनुभवी छंदी, विश्वासू दुकानदार, एखादे महाविद्यालय यांच्याकडे चौकशी करावी. त्यात काही आठवडे जातात आणि ते जाऊ द्यावेत. सार्वजनिक मत्स्यालये असे मासे सहसा स्वीकारत नाहीत, हे आधीच जाणून असावे. घेणाऱ्यास त्या जिवाचे वय, खाणे, आजार आणि खोडी खरेपणाने सांगाव्यात. हौसेने हात पुढे करणाऱ्या शेजारच्या मुलाला टाकी देऊन मोकळे होणे म्हणजे आपले ओझे एका अजाण खांद्यावर ठेवणे होय. प्रत्यक्ष मोडणीच्या दिवशी प्रथम प्रवाळ आणि खडक काढावेत; आडोसा गेला की मासे फार न दमता पकडता येतात. प्रत्येक जीव त्याच टाकीच्या पाण्यात न्यावा. खडक ओले ठेवावेत, म्हणजे त्यांतले जिवाणू जगतात आणि नव्या टाकीला उपयोगी पडतात. तळाची वाळू मासे असताना ढवळू नये. तिच्या खोल थरांत विषारी वायू साठलेला असू शकतो. खडक उकळून स्वच्छ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्यांवर वाढणाऱ्या झोअँथिड जातीच्या काही जिवांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते आणि त्याच्या वाफेने घरातली माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. खारे पाणी परसात किंवा विहिरीजवळ ओतू नये, ते सांडपाण्याच्या नळीत जावे. उरलेले शैवाल पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकावे.

कायद्याचाही विचार हवा. आपल्या देशात खडक घडवणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले. मालवणच्या किंवा कच्छच्या आखाताच्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा ही म्हणूनच आठवणीची वस्तू नसून गुन्ह्याचा विषय आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारात सूचीबद्ध असलेल्या जिवंत परदेशी प्राण्यांचा ताबा, हस्तांतर आणि मृत्यू यांची नोंद आवश्यक केली. तेव्हा असा जीव दुसऱ्याला देण्यापूर्वी वन खात्याकडे विचारणा करणे हा पालकत्वाचाच भाग आहे.

कोणीच घेणारा न मिळाला तर? अशा वेळी टाकी एकदम न मोडता हळूहळू आटोपती घ्यावी. नवे काही आणू नये, मागणी असलेले प्रवाळ देऊन टाकावेत, दिवे व यंत्रे कमी करावीत आणि उरलेल्या एक-दोन माशांना त्यांचे आयुष्य साध्या टाकीत पुरे करू द्यावे. खरोखर बरा न होणारा, वेदनेत असलेला जीव असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला शांत मरण देणे हे नदीत सोडण्याहून अधिक प्रामाणिक आहे. ते आपल्या हातून घडते आणि आपल्याला दिसते, म्हणून ते जड जाते. ते जड जाणे योग्यच आहे.

या प्रश्नाची एक बाजू आपल्यासारख्या घराण्यांना विशेष जवळची आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी जातो आणि टाकी मागे राहते. सत्तरीतल्या आई-वडिलांनी रात्री वीज गेली की पंपासाठी उठावे, दूरध्वनीवरून सूचना घ्याव्यात, आणि एखादा मासा मेला तर मुलाला कळवावे की नाही या विचारात पडावे. मुलाला वाटते, आपण छंद जपला. वास्तविक त्याने तो आई-वडिलांच्या वार्धक्यावर लादला. आपल्या पूर्वजांनी गाव सोडताना देवाची पूजा कोण करील, विहिरीचे पाणी कोणाला द्यायचे, म्हातारी गाय कोणाच्या गोठ्यात बांधायची, हे ठरवून मगच गाडी जुंपली. सर्वांनी ते केले असे नाही. पण ज्यांनी केले नाही त्यांच्याविषयी गावात काय बोलले जाई, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. निघण्यापूर्वी मागच्याची व्यवस्था लावणे हा स्थलांतर केलेल्या माणसाचा पहिला धर्म आहे आणि काचेच्या टाकीला त्यातून सूट नाही.

म्हणून हा विचार खरे तर छंद सुरू करतानाच व्हावा. सिनेमामुळे मुलांच्या ओळखीचा झालेला नारिंगी-पांढरा क्लाउनफिश चांगल्या निगेत वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. दहा वर्षांच्या मुलासाठी तो आणला, तर मुलगा तिशीत पोचेल तेव्हाही तो असू शकेल. दुकानात किंमत विचारताना 'याचे आयुष्य किती, आणि आपल्याला जमेनासे झाले तर हा कोणाकडे जाईल' हे दोन प्रश्न मुलासमोरच विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी पिशवी रिकामी घेऊन परत यावे. मूल थोडे रडेल. त्याला कारण समजावून सांगावे; ते समजण्याइतके मोठे होईपर्यंत त्याच्या हाती कोणताही जीव न देणे बरे.