सापडलेली गाडी कोणाची?



या वेळचा विषय आपल्या परिवारातल्या एका ताईंच्या प्रश्नावरून घेतला आहे. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. त्यांच्या कॉलनीच्या मागच्या भिंतीला टेकून एक मोटरसायकल कित्येक वर्षांपासून पडून आहे. टायर बसलेले, सीट उंदरांनी खाल्लेली, टाकीवरचं नाव उडालेलं. इंजिनवर जी अक्षरं आहेत ती कुठल्याच ओळखीच्या कंपनीची नाहीत. कोपऱ्यावरचा मेकॅनिक बघून म्हणाला, "चायना का माल है भिया, ले जाओ, कोई पूछेगा नहीं." मुलगा तेव्हापासून हट्टाला पेटला आहे. हीच माझी पहिली गाडी, मी स्वतः दुरुस्त करीन, तुमच्याकडे एक पैसा मागणार नाही, असं त्याचं म्हणणं.

ताईंनी लिहिलं आहे, "पोरगा दिवसभर मोबाइल बघण्यापेक्षा हातानं काही करतोय, हे चांगलंच आहे. गाडी नाहीतरी भंगारातच जाणार. मग वाईट काय? तरीही माझं मन 'हो' म्हणत नाही. असं का होतं?"

ताई, तुमचं मन बरोबर ठिकाणी अडलं आहे. ते का अडलं, तेवढंच आज बघू.

*आधी गाडीची ओळख*

मुलाच्या उत्साहाला नावं ठेवायची नाहीत. उलट त्याला म्हणावं, "चल, आधी ही गाडी कोण आहे ते शोधू." या शोधातच पुढचं सगळं दडलेलं आहे.

टाकीवरचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. चीनमधले अनेक कारखाने एकाच घाटणीची मोटरसायकल बनवतात आणि विकणारा सांगेल ते नाव टाकीवर लावतात. एकच गाडी एका देशात एका नावानं, दुसऱ्या देशात दुसऱ्या नावानं विकली जाते. म्हणून स्टिकर सोडून द्यावं आणि लोखंडात कोरलेलं वाचावं.

इंजिनच्या खालच्या भागावर '१५७ एफएमआय' असं काही दिसलं, तर ती चिनी पद्धतीची खूण आहे. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर. ५७ म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, साधारण ५७ मिलिमीटर. एफ म्हणजे हवेनं थंड होणारं, एम म्हणजे मोटरसायकलचं, आणि शेवटचा आय म्हणजे १२५ सीसीचा वर्ग. तिथे जे असेल तर १५० सीसीचा वर्ग. होंडानं १९७६ साली सीजी १२५ नावाची साधी, दणकट गाडी काढली होती. चीनमधली कितीतरी इंजिनं तिच्याच घराण्यातली आहेत. गाडी त्या घराण्यातली निघाली, तर सुटे भाग मिळण्याची आशा असते. नावं शंभर, पण कूळ एक!

दुसरी खूण चेसिस नंबरची. हँडलखालच्या नळीवर तो ठोकलेला असतो. केरोसीन आणि मऊ ब्रशनं माती काढावी, ग्राइंडर लावू नये. नंबर सतरा अक्षरांचा असेल आणि 'एल'नं सुरू होत असेल, तर गाडी चीनमध्ये बनली. 'एमए'पासून 'एमई'पर्यंत काही असेल, तर नंबर भारतातला. चेसिस भारतातला आणि इंजिन चीनचं असंही असतं, म्हणजे भाग तिकडून आणून गाडी इथे जोडलेली. या सतरा अक्षरांत आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. वाचताना ते लक्षात ठेवावं.

आणि नंबर घासून काढलेला दिसला, तर तिथेच थांबावं. गाडीला हात लावू नये, पोलीस ठाण्यात सांगावं. ज्यानं नंबर घासला त्यानं गाडीची ओळख पुसण्यासाठीच तो घासला असणार.

*मग माणसाची ओळख*

इथपर्यंत मुलगा आनंदानं येईल. कोडं सोडवल्यासारखं वाटतं. पण गाडीच्या ओळखीचा शेवटचा प्रश्न असतो: ही कोणाची?

आपण 'बेवारस' हा शब्द किती सहज वापरतो बघा. बेवारस म्हणजे जिला वारस नाही ती. पण भिंतीशी पडलेल्या त्या गाडीला वारस नाही, हे आपल्याला कुठे माहीत आहे? वारस आपल्याला दिसत नाही, एवढंच माहीत आहे. 'मालक नाही' आणि 'मी मालक शोधला नाही' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तिथेच ताईंचं मन अडलं आहे.

कायद्यानंही हे अंतर ओळखलं आहे. जुन्या दंडसंहितेचं कलम ४०३ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ असं सांगतं की, सापडलेली वस्तू जपण्यासाठी किंवा मालकाला परत देण्यासाठी उचलली तर तो गुन्हा नाही. पण मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी केली, तर गुन्हा आहे. म्हणजे सापडलेल्या वस्तूबरोबर एक कामही गळ्यात पडतं, ते म्हणजे शोधायचं. मेकॅनिकचं 'कोई पूछेगा नहीं' खरं असेलही. पण कोणी विचारणार नाही म्हणून आपण विचारायचं नाही, असं थोडंच आहे?

*मेहनत केली म्हणून माझं?*

मुलगा इथे एक चांगला मुद्दा काढेल, आणि तो उडवून लावू नये. तो म्हणेल, "ती गाडी सडत होती. मी सहा महिने घाम गाळणार. मेहनत माझी, मग गाडी माझी का नाही?"

हा मुद्दा मोठमोठ्यांनी मांडला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडचा विचारवंत जॉन लॉक यानं म्हटलं की, माणूस ज्या वस्तूत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. पण त्यानं हे सांगितलं ते निसर्गातल्या, कोणाच्याच नसलेल्या वस्तूंबद्दल. रानातली फळं तोडणाऱ्याची होतात. शेजाऱ्याच्या परसातला आंबा मी कितीही मेहनतीनं झाडावर चढून काढला, तरी तो माझा होत नाही. श्रमानं वस्तूची किंमत वाढते, पण पहिल्या माणसाचा हक्क त्यानं पुसला जात नाही.

'भंगारात जाण्यापेक्षा बरं' हाही तसाच मोहक विचार आहे. हेतू चांगला आहे, पण हेतू चांगला असला की विचारायची गरज नाही असं वाटू लागतं, आणि चांगली माणसं इथेच घसरतात. वाईट हेतूच्या माणसाला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं.

*अहिल्याबाईंनी काय केलं*

आपण इंदूरची माणसं, आपल्याला याचं उत्तर लांब शोधायला नको. जॉन माल्कम यांनी माळव्याबद्दल लिहिलेल्या १८२३ सालच्या ग्रंथात एक हकिगत आहे. इंदूरचा एक धनवान सावकार मूलबाळ नसताना वारला. तुकोजी होळकरांची छावणी तेव्हा जवळच होती. काही लोकांनी त्यांच्या मनात भरवलं की, सावकाराला मूल नाही, त्याच्या संपत्तीतला वाटा आपण घ्यावा. सावकाराची बायको महेश्वरला देवी अहिल्याबाईंकडे गेली. अहिल्याबाईंनी तिला मानाची वस्त्रं देऊन पतीच्या संपत्तीवरचा तिचा हक्क कायम केला, आणि तुकोजींना इंदूरपासून छावणी हलवायला सांगितली.

त्या पैशातून एखादा घाट बांधता आला असता, एखादी धर्मशाळाही झाली असती. चांगल्या कामाची अहिल्याबाईंकडे काय कमी होती? पण जे 'कोणाचंच नाही' असं लोक म्हणत होते, ते कोणाचं तरी आहे हे त्यांनी आधी पाहिलं.

*बेल वाजवणं*

आता ताईंच्या मुलासमोरचं खरं अवघड काम. नटबोल्ट गंजले असतील तर तेल टाकून सुटतात. कोणाच्या दाराची बेल वाजवून "ती गाडी तुमची का?" असं विचारणं त्याहून कठीण.

कारण गाडी का पडून राहते, याचा विचार करा. कधी आळस, कधी दुरुस्तीचा खर्च. पण पुष्कळदा ती चालवणारा माणूस गेलेला असतो. घरच्यांना ती विकवत नाही आणि तिच्याकडे बघवतही नाही, म्हणून ती मागच्या भिंतीशी जाते. आपल्याला जे भंगार दिसतं, ते कोणाचं तरी न संपलेलं दुःख असू शकतं.

म्हणून मुलानं एकट्यानं जाऊ नये, घरातलं मोठं माणूस बरोबर असावं. कॉलनीच्या सेक्रेटरींना विचारावं, जुन्या चौकीदाराला विचारावं. नंबर प्लेट असेल तर परिवहन खात्याच्या ॲपवर नोंदणी बघावी. घर सापडलं की आधी बसावं, चहा घ्यावा, माणसांची चौकशी करावी. मग म्हणावं, "काकू, ती गाडी बरीच वर्षं तिथे आहे. आमच्या मुलाला ती दुरुस्त करायची इच्छा आहे. तुमची परवानगी असेल तरच. आणि नको असेल तरी काही हरकत नाही, निदान झाकून ठेवायला तो मदत करेल."

शेवटचं वाक्य मनापासून म्हणता आलं पाहिजे. 'नाही' ऐकायची तयारी नसेल, तर तो प्रश्न नुसता उपचार झाला. काकू 'नाही' म्हणाल्या आणि मुलानं एक रविवार त्यांच्यासाठी ती गाडी पुसून, झाकून ठेवली, तर माझ्या मते त्यानं गाडी चालवण्यापेक्षा मोठी गोष्ट केली.

आणि कोणीच सापडलं नाही तर? तर पोलीस ठाण्यात लेखी कळवावं. बेवारस मालाचं काय करायचं याची पोलिसांची पद्धत आहे: आधी जाहीर सूचना निघते, मालकाला सहा महिन्यांची मुदत मिळते, त्यानंतर लिलाव. लिलावात घेतलेल्या वाहनाची नोंदणी आपल्या नावावर करायला आरटीओत वेगळा फॉर्म आहे, ३२ नंबरचा. मार्ग लांब आहे खरा, पण त्यातून आलेली गाडी चालवताना मागे वळून बघावं लागत नाही.

*'हो' मिळाल्यावर*

मालकानं हो म्हटलं तरी तोंडी नको. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि मालक हयात नसेल तर वारसांच्या नावानं फॉर्म ३१ आधी. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हावी लागते. थर्ड पार्टी विमा नसेल तर रस्त्यावर काढायची नाही. कागद जुळलेच नाहीत, तर मुलाला स्पष्ट सांगावं, "ही शिकायची गाडी, चालवायची नाही." तेही कमी नाही.

कामाचा क्रमही सांगून ठेवतो. मुलं आधी रंग आणि आवाज बघतात. आधी ब्रेक बघावेत, मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. वय झालेलं टायर दिसायला चांगलं असलं तरी बदलावं. जुनं पेट्रोल काढून टाकावं, टाकीतला गंज धुवावा, कार्ब्युरेटरचे जेट साफ करावेत. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं आणि इंजिन आधी हातानं हळूहळू फिरवावं. लगेच किक मारू नये. वर्षानुवर्षं थांबलेल्याला एकदम जोर लावला की तुटतं, हे माणसांनाही लागू आहे, नाही का?

*घरातली गाडीही बघा*

एक शेवटची गोष्ट. बाहेरची गाडी शोधण्याआधी आपल्याच जिन्याखाली बघा. पीथमपूर आपल्यापासून तास-दीड तासाच्या आत. १९८४ साली बाजारात आलेली कायनेटिक होंडा तिथेच बनायची: ९८ सीसीची, बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली, २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्रांकडे गेला. बनवणाऱ्यांची वाट बदलली, पण इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत आजी-आजोबांची ती स्कूटर अजून चादरीखाली उभी असेल. तिची ओळख पटवायला नंबर वाचावा लागत नाही, आजोबांजवळ बसावं लागतं. "आबा, ही घेऊ का मी?" एवढं विचारलं की पुढचा तासभर ते स्कूटरवर कुठे कुठे गेले ते ऐकायला मिळेल. गाडीबरोबर ते सगळंही हातात येईल.

उचललेली वस्तू वापरता येते. दिलेली वस्तू आपली होते. ताई, मुलाला हा फरक पहिल्याच गाडीवर कळला, तर पुढे जमीन, पैसा, पद यांच्या बाबतीत त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

*या आठवड्यात घरी*

रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर सगळे एकत्र बसा आणि दोन प्रश्नांवर बोला.

१. आपल्या घरात दुसऱ्याची अशी कोणती वस्तू आहे, जी 'आता कोण मागतंय' म्हणून राहिली आहे? पुस्तक, डबा, शिडी, उसने पैसे, काहीही. ती या आठवड्यात पोचवा.

२. आपली कोणती वस्तू आपण टाकून दिल्यासारखी ठेवली आहे, जी दुसऱ्या कोणाच्या कामी येईल? ती कोणी मागण्याआधी द्या.

मुलांची उत्तरं ग्रुपवर जरूर कळवा. सर्वांचं कल्याण असो 🙏