मुलाच्या वतीने बोलण्याचा अधिकार

महाभारताच्या आदिपर्वातली अणिमांडव्याची गोष्ट प्रत्येक वकिलाने एकदा तरी वाचावी. मौन धरून बसलेल्या या ऋषीच्या आश्रमात चोर मुद्देमाल लपवतात. राजाचे शिपाई विचारतात, ऋषी बोलत नाही. पुढे मुद्देमाल सापडतो, ऋषीलाही चोरांतला धरतात आणि सुळावर चढवतात. नंतर तो धर्माला जाब विचारतो, तेव्हा उत्तर मिळतं की लहानपणी तू गवताच्या काडीने किडे टोचलेस, त्याचं हे फळ. मांडव्य चिडतो. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? तो धर्मालाच शाप देतो, धर्माला विदुर होऊन जन्मावं लागतं. आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप लागणार नाही, अशी मर्यादा मांडव्य घालून देतो.

युक्तिवाद बिनतोड होता. पण तो सुळावर चढून झाल्यावर केला गेला, आणि ज्याचा त्यालाच करावा लागला.

सोलापुरात विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर मुलांची प्रकरणं चालवताना मला ही गोष्ट सतत आठवते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार प्रत्येक बालकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. तो वकील कसा असावा? त्याच कायद्याखालचे 2010 चे विनियम सांगतात की साधारणपणे किमान तीन वर्षांची वकिली हवी. सचोटी, योग्यता, अनुभव पाहावा. दर तीन वर्षांनी पॅनेल नव्याने करावं. याच मुलासमोर बाल न्याय मंडळात जे दोन समाजकार्यकर्ते सदस्य बसतात, त्यांच्यासाठी मात्र 2015 चा बाल न्याय कायदा आरोग्य, शिक्षण किंवा बालकल्याणातला सात वर्षांचा अनुभव, नाहीतर बालमानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा विषयातली पदवी आणि प्रत्यक्ष व्यवसाय मागतो. ऐकणाऱ्याला मुलं कळायला हवीत, हे आपण मान्य केलं. बोलणाऱ्याकडून तेवढंच मागायला काय हरकत आहे?

आपल्या वेदान्तात शिकण्याआधी अधिकार पाहतात. विवेक आहे का, वैराग्य आहे का, मन आवरता येतं का, मोक्षाची तळमळ आहे का. मुलाच्या वकिलाला यातलं वैराग्य सर्वांत जास्त लागतं असं माझं ठाम मत आहे. पैशाचं नव्हे, मानधन तसंही फार नसतं. स्वतःच्या मताचं वैराग्य.

सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा होता. नाव-गाव सांगता येत नाही, कायदा तशी परवानगी देत नाही आणि ते योग्यच आहे. टॉवेलच्या कारखान्यात सुट्टीत कामाला जायचा, केसात सुताची पांढरी कुसं अडकलेली. चोरीचा मोबाईल त्याच्याकडे सापडला होता. मराठीत काहीही विचारलं की मान हलवायचा. ‘तू घेतलास?’ मान. ‘कुणी दिला?’ मान. माझ्या घरची भाषा तेलुगू. बाहेरच्या बाकावर शेजारी बसून मी तेलुगूत विचारलं तेव्हा तो बोलायला लागला. मोबाईल मोठ्या कामगारांनी ठेवायला दिला होता. आणि जामीन झाला तरी त्याला वडिलांकडे जायचं नव्हतं, मावशीकडे जायचं होतं. वडील बाहेर उभे होते, वकीलबाई, लवकर सोडवा म्हणत होते. मी कुणाची वकील? वडिलांची नक्कीच नाही. मुलाचं भलं कशात, ते ठरवणारीही मी नाही. ते मंडळाचं काम, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल वाचून करायचं. मी मंडळाला दोन्ही सांगितलं: जामीन हा त्याचा हक्क आहे आणि राहायचं कुठे याबद्दल त्याचं म्हणणं हे आहे.

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर परिणाम समजण्याची त्याची कुवत होती का, हे मंडळ तपासतं. मांडव्याचाच मुद्दा तो. त्या तपासणीच्या दिवशीच मुलाशी पहिल्यांदा बोलणारा वकील उभा राहिला, तर खटला प्रौढासारखा चालू शकतो.

महाराष्ट्रातल्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या मुलांची याचिका सर्वोच्च न्यायालयात नेली. 1986 मध्ये न्यायालयाने अशा मुलांसाठी प्रत्येक तुरुंगात दर आठवड्याला दोन वकील पाठवायला सांगितलं. विलंबाला कंटाळून 1988 मध्ये त्यांनी याचिका मागे घ्यायचं म्हटलं, तेव्हा न्यायालयाने त्यांना मोकळं केलं, याचिका मात्र ठेवून घेतली आणि विधी सहाय्य समितीकडे सोपवली. प्रकरण मुलांचं होतं.

म्हणून पुढचं पॅनेल होईल तेव्हा उमेदवाराला एवढं विचारा: तेलुगू, कन्नड, दखनी यांतली कोणती भाषा येते? निरीक्षणगृहात कधी गेला आहात? मूल एक म्हणतं आणि तुम्हाला दुसरं पटतं, तेव्हा काय कराल? आणि बारमधल्या माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनो, ही कामं नवख्यांवर सोडू नका. अर्ज करा.